देवनारचा डोंगर चाळून झाल्यावर

आम्ही मुंबईत गोवंडीत वाढलो, देवनारच्या डम्पिंगला, म्हणजे कचऱ्याच्या डोंगराला लागून. उन्हाळ्यात रात्री डम्पिंग पेटलं की आई पंचा भिजवून दाराच्या फटीत सारायची. सकाळी पिळला की काळं पाणी निघायचं. जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली, आठवडाभर धूर हटेना, तेव्हा आईचे गुडघे धरले होते. तरी कुणी सांगायच्या आत तिनं पंचा भिजवला होता.

देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. तिथला १८५ लाख टन जुना कचरा हटवायला महापालिकेनं २,३६८ कोटींची निविदा काढली. हटवाच, आमच्या दोन पिढ्या त्याची वाट बघत होत्या. पण त्यातली सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासाला द्यायला राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे धारावीतच घर मिळायला जे 'अपात्र' ठरतील, त्यांना घरं इथे. हे माझ्या मनाला अजिबात पटत नाही.

जुना कचरा हटवायची पद्धत आहे बायोमायनिंग, म्हणजे ढिगारा खणायचा, सुकवायचा आणि मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा. प्लास्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांकडे, दगडविटा भरावाला, बारीक माती वेगळी. ठीक. पण जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, औषधं यांतून पावसाळ्यामागून पावसाळे जे पाणी पाझरलं, ते खाली खाडीच्या चिखलात मुरलंय. ते कुठल्या चाळणीत येणार? आणि उरलेला कचरा आत कुजत राहिला तर मिथेन हा पेटणारा वायूही निघत राहणार. त्यावर इमारत उभी करायची, तळमजल्यावर बालवाडी काढायची, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं तरी पोटात गोळा येतो.

धारावीला लागूनच महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ती ३७ एकर जागाही डम्पिंगचीच, १९७७ पर्यंत. पुढे तिथे झाडं लागली. १९८३ मध्ये पहिलं रोप पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी लावलं, १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. मागच्या पावसात लेकीला घेऊन गेलो होतो. एका झाडाच्या मुळांत प्लास्टिकची जुनी पिशवी अडकलेली, पार कुजूनही तुटलेली नाही, आणि वर पानावर फुलपाखरू. ती म्हणाली, "बाबा, खाली अजून कचरा आहे?" आहे गं. म्हणून तर तिथे कुणी राहत नाही, फक्त झाडं आहेत.

धारावीच्या माणसांनी हे उद्यान रोज पाहिलंय. त्यांनाच आता डम्पिंगवर पाठवायचं?

एक वीट रचायच्या आधी जागोजागी खोल बोअर मारा. माती, भूजल, शिसं, पारा, मिथेन, सगळं तपासा. तपासणी कंत्राटदाराकडून नको, स्वतंत्र प्रयोगशाळेकडून करून घ्या. अहवाल मराठीत आणि हिंदीत छापून गोवंडीतल्या शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या आणि धारावीच्या भिंतींवर लावा. आकडे वाईट आले तर घरांचा विचार सोडून द्या आणि नीट झाकून तिथे झाडं लावा. आणि ज्यांच्या छातीत हा धूर गेला, त्या गोवंडीकरांना आधी विचारा, तुम्हाला या जागेवर काय हवंय. आजवर आमच्या गल्लीत हे विचारायला कुणी आलेलं नाही.