बांधाचा वाद तीन पिढ्या टिकवण्यासाठी

पुण्यात जमीन घेणारे पुष्कळ आहेत, पण बांधाचा वाद नीट लावून, निगुतीने वाढवून नातवंडांच्या हवाली करणारे थोडे. वाद आपोआप टिकत नाही. एखादा उतावळा खातेदार वेळेवर मोजणी करून घेतो, शेजाऱ्याला समोर उभा करतो, कोपऱ्यांवर दगड पुरतो आणि चांगल्या बाळसेदार वादाचा गळा घोटतो. तुमच्या हातून असे काही होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

सुरुवात खरेदीपासून करा. रविवारी सकाळी मिसळ चापून मुळशीकडे, नाहीतर सिंहगडाच्या पायथ्याकडे निघा. जागेवर चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र रेघा असतील, कोपऱ्यांवर रंगीत झेंड्या असतील. चुना इतका शुभ्र आहे म्हणजे रेघ कालपरवाची आहे, हा विचार मनात आणू नका. ती कुणी मारली आणि कशाच्या आधारे मारली, हेही विचारू नका. एजंटाला वाईट वाटते. सातबारा मात्र आवर्जून मागा आणि तो पाहून गहिवरून या. त्यात नावे असतात, क्षेत्र असते, पीक असते, बोजा असतो. फक्त जमिनीची आकृती नसते. एका सातबाऱ्यावर अकरा नावे आणि पोटहिस्सा पडलेला नाही, असा योग आला तर सोडू नका. तुमचे 2 गुंठे त्यात नेमके कुठल्या कोपऱ्यात, हे एजंट आणि परमेश्वर दोघांनाच ठाऊक; पैकी एजंटाचा फोन पुढे लागत नाही.

खरेदीखतातल्या चतुःसीमा शक्यतो हलत्या ठेवा. पूर्वेस ओढा, दक्षिणेस आंब्याचे झाड, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस लिहून देणार यांची उर्वरित मिळकत. ओढा पावसाळ्यात पात्र बदलतो, आंबा रस्तारुंदीत जातो, गाडीवाट नांगराखाली येते आणि उर्वरित मिळकत पुढच्या रविवारी दुसऱ्याला विकली जाते.

क्षेत्राच्या एककांचा घोळही घालून ठेवा. आर आणि गुंठा एकच, असे सगळे म्हणतात, तुम्हीही म्हणा. आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 1076 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा. फरक जेमतेम 13 फुटांचा, तेवढ्यासाठी कुठे तोंड वाजवायचे? पण ‘40 आर म्हणजे एकरच की’ म्हणत व्यवहार केला, तर 504 चौरस फुटांचा खड्डा पडतो. वादाचे रोप लावायला एवढा पुरे.

आता टेप. जागा स्वतः मोजायचीच असेल, तर फक्त चार बाजू मोजा. कर्ण मोजायचा मोह टाळा. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची होती, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. यातली गंमत अशी की चारही बाजू बरोबर 33 फूट भरल्या तरी गुंठा भरेलच असे नाही. चौकोन जरा कलला, कोपरा 90 ऐवजी 60 अंशांचा झाला, तर त्याच चार बाजूंमध्ये 943 चौरस फूटच मावतात. 146 फूट गेले, म्हणजे एक बऱ्यापैकी खोली गेली, आणि टेप मात्र शपथेवर सांगते की सगळे बरोबर आहे. एक कर्ण मोजला की चोरी उघडी पडते. निदान कोपऱ्यावर 3, 4 आणि 5 फुटांचा त्रिकोण धरून पाहिला तरी कळते. म्हणून ते करायचे नाही.

जागा उतरणीची असेल तर टेप जमिनीला चिकटवून ओढा. नकाशातले आणि रेकॉर्डमधले अंतर आडवे असते, टेपवरचे तिरके. 10 अंशांच्या चढावर 100 फुटांचे 98.5 राहतात, 20 अंशांवर 94. ‘हिल व्ह्यू’चे पैसे जास्त पडतात ते असे. शिवाय टेप कापडी असावी, ताणली की वाढते. आणि पहिला फूट तुटलेली मिळाली तर सोन्याहून पिवळे. तुटलेला फूट वजा करायचा हे प्रत्येकाला ठाऊक असते, पण केला की नाही हे संध्याकाळपर्यंत कुणालाच आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, ही परंपरा नवी आहे. अजिबात नाही. 1820च्या दशकात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याच पुणे जिल्ह्याची पाहणी हाती घेतली. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सरकारसारा धरायचा, असा त्याचा बेत. कागदावर देखणा. पण हिशेब इतका गुंतागुंतीचा झाला की वरच्यांना तो तपासता येईना आणि खालच्यांना हात मारायला मोकळे रान मिळाले. आकारणी डोईजड झाली, रयत जमिनी टाकून निघून गेली, सगळे गुंडाळावे लागले. असा गुरू शोधून सापडणार नाही. दुर्दैवाने 1835-36च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे इंदापुरात उतरले आणि त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेताला सर्व्हे नंबर, हद्दीला खुणा, जमिनीची प्रत आण्यांत, आणि आकार, म्हणजे सारा, 30 वर्षांसाठी पक्का. तीच पद्धत मग मुंबई इलाख्यात पसरली. वाद टिकवणाऱ्यांचे खरे वैरी हे दोघे.

कारण त्या मोजणीतून टिपण नावाचा कागद जन्माला आला, आणि तो अजून शिल्लक आहे. टिपणात शेताच्या मधून एक लांब लाइन असते, तिच्यावर ठरावीक अंतरांवर काटकोनात लंब काढलेले असतात, प्रत्येक लंब हद्दीच्या एकेका वळणाला भिडतो आणि सगळी अंतरे साखळी-आण्यांत लिहिलेली असतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे शेत आज जागेवर पुन्हा उभे करता येते. धोका लक्षात आला ना? जोडीला गुणाकार बुक असते, ज्यात त्या त्रिकोण-समलंबांवरून क्षेत्र काढलेले. हिस्से पडले असतील तर फाळणी, म्हणजे हिश्श्यांचा नकाशा. क्षेत्र आणि आकार पक्का करणारा आकारबंद. यांतले काहीही भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल फी भरून मिळते. म्हणून त्या दाराकडे फिरकायचे नाही. एकत्रीकरणात, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करताना, जुन्या सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला असेल, तर दस्तात जुना नंबर टाका आणि कंपाउंडवर नवा रंगवा. मेळ बसवणारा बसवेल.

कागदाऐवजी मोबाइल वापरा. गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला की तुमच्या गटाची रेघ शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून जाताना दिसेल. लगेच स्क्रीनशॉट काढा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. 1:5000 प्रमाणाच्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद असते, जुना कागद आकसलेला असतो, चित्र स्वतःच काही मीटर सरकलेले असू शकते, असल्या शंका काढणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाका. फोन हातात घेऊन कोपऱ्यावर उभे राहणे हाही चांगला मार्ग. उघड्या आकाशाखाली फोन 3 ते 5 मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि तुमच्या 2 गुंठ्यांची रुंदी 10 मीटर. अर्ध्या प्लॉटवर हक्क सांगायची सोय खिशातच आहे. एखादा हौशी मित्र जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरून, अक्षांश-रेखांश काढून देणारा असेल, तर त्याला चहा पाजा. त्या शीट एव्हरेस्टने 1830 मध्ये पृथ्वीला बसवलेल्या लंबगोलावर बेतलेल्या, फोन दुसऱ्याच मापावर. पुण्याच्या आसपास दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक पडतो. वाद मग शेजाऱ्याशी न राहता पलीकडच्या गावाशी होतो, आणि तुमची पत वाढते.

एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर यंत्रवाला खासगी सर्व्हेअर आणा. टोटल स्टेशन कोन आणि अंतर फार बारकाईने मोजते, पण घाबरायचे कारण नाही. तिवई नांगरलेल्या भुसभुशीत मातीत उभी करायला लावा, म्हणजे तासाभरात तिचा एक पाय खचतो. यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या काचेचा, म्हणजे प्रिझमचा, स्थिरांक यंत्रात चुकीचा राहू द्या. 30 मिलिमीटरची चूक प्रत्येक अंतरात निमूटपणे जाऊन बसते, अंतर 10 मीटर असो की 200. प्रिझमची काठी धरायला असा पोरगा द्या, ज्याचे लक्ष फोनमध्ये असेल. 2 मीटर उंचीची काठी फक्त 3 अंश कलली की वरचे टोक 10 सेंटिमीटर सरकते, आणि काठीवरचा बुडबुडा कुणी बघत नाही. शेवटी ज्या बिंदूपासून निघालात, तिथे परत येऊन फेरी बंद करू नका. बंद केली की किती सेंटिमीटरची गफलत झाली ते आकड्यात कळते, आणि आकडा कळला की वादातली मजा गेली.

पण या सगळ्या किरकोळ खोड्या. खरी किमया एकच, आणि ती फुकट आहे: मोजणी शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या भिंतीपासून सुरू करा. भिंत कुणी कशी घातली, याला कागद नाही. तिचा कोपरा 4 फूट चुकलेला असेल, तर लाखो रुपयांचे यंत्र ती 4 फुटांची चूक मिलिमीटरपर्यंत अचूक सगळ्या प्लॉटवर उतरवून देते. रंगीत छापून, शिक्क्यासह. गावाच्या शिवेवरचा दगड, तीन गावे मिळतात ती तिकाटणी, पूर्वीच्या मोजणीच्या खुणा असल्या जुन्या जागा शोधत उन्हात फिरण्याची हौस ज्याला असेल, असा सर्व्हेअर आधीच टाळावा. तोच टिपणही मागतो.

रोव्हरचे, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या फिरत्या यंत्राचेही तेच. त्याचा एका जागी बसणारा जोडीदार, बेस, कुठेही ठेवून ‘आहे तीच जागा’ असे बटण दाबले, की प्लॉटचा आकार सेंटिमीटरला बिनचूक येतो, फक्त सगळा प्लॉट दोनतीन मीटर शेजारी सरकलेला असतो. रोव्हर चिंचेखाली किंवा पत्र्याच्या शेडला टेकवून धरा. पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की) ऐवजी ‘फ्लोट’ (जागा अजून तरंगती) आले तरी बिंदू साठवा. दोन्ही शब्द फ चेच आहेत.

ड्रोनबद्दल थोडक्यात. पुरंदरच्या सोनोरीत गावठाणाची ड्रोन-मोजणी प्रयोग म्हणून झाली आणि 2020 मध्ये स्वामित्व ही गावठाण-मोजणीची योजना सुरू होऊन 2021 मध्ये देशभर आली. ड्रोनला वरून पत्र्याची पन्हाळ दिसते, तिच्याखालची भिंत दिसत नाही. म्हणून उड्डाणाआधी हद्दी चुन्याने आखाव्या लागतात. तो चुना टाकायच्या दिवशी गावाला जा. शेजारी टाकेलच.

एवढे करूनही कधीतरी कुणीतरी सरकारी हद्द कायम मोजणीचा अर्ज करतोच. तो तुम्हालाच करावा लागला, तर लगतच्या खातेदारांची नावे वीस वर्षांपूर्वीची लिहा. नोटिसा परत येतात, आणि ‘मला नोटीसच नव्हती’ हे वाक्य शेजाऱ्याला आयुष्यभर पुरते. तारीख ऊस पुरुषभर उंच असतानाची पडली तर बदलू नका. उभ्या उसातून सर्व्हेअरला समोरचा माणूस दिसत नाही, मग ‘पीक उभे असल्याने मोजणी झाली नाही’ असा शेरा मिळतो. तरी झालीच, तर हद्दीचे दगड आणू नका. लाकडी खुंट्या ठोका, दोन पावसाळ्यांत त्या कुजतात. नकाशाची ‘क’ प्रत आली की वहिवाटीची रेघ वेगळी आणि रेकॉर्डची वेगळी दिसेल. त्यातली जी सोयीची, तीवर शाईने जाड गिरवा.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागा, मग त्याच्यावरची. तिथून दिवाणी न्यायालयात जा. न्यायालय काही वर्षांनी मोजणीचा आदेश देते, तो भूमी अभिलेखकडे जातो, आणि तिथला माणूस कपाटातून तेच टिपण काढतो, जे पहिल्या दिवशी नक्कल फीत मिळत होते. एव्हाना तुमचा नातू वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असेल.

आणि एक राहिले. पाया खणताना जेसीबीच्या बकेटला जुना, घडीव, उभा पुरलेला दगड लागला, तर घाबरू नका, फेकूनही देऊ नका. फेकलेला दगड कुणाला तरी सापडतो. तो उचलून 12 फूट शेजाऱ्याच्या बाजूला पुरा, शेंदूर फासा, नारळ फोडा. म्हसोबाला कुणी हलवत नाही.