मराठीसाठी एक दाबा आणि मग बसा बोंबलत

सरकारी हेल्पलाइनवर 47 मिनिटं! त्यातली निम्म्याहून जास्त होल्डवरच्या त्या पिपाणीवर गेली. मधूनमधून बाई सांगते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचल ना बाई. मराठीसाठी एक दाबा म्हणाली, दाबला. घाईत एकाऐवजी आठ दाबला गेला तेव्हा 'आपण चुकीचा पर्याय निवडला आहे' असं ठणकावलं तिनं, आणि 'चुकीचा'मधले दोन्ही च चहातले! चूक सांगायची तर तो शब्द तरी धड उच्चारा.

तर एक दाबला. मराठीच्या रांगेत थांबलो. आणि शेवटी आवाज आला, "नमस्कार सर, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?"

एक दाबणारे, दोन दाबणारे, रागानं सगळी बटणं दाबणारे, सगळे शेवटी त्याच एका पोराच्या कानात जाऊन पडतात, असा माझा पक्का संशय आहे.

वडील गेले, वारसनोंदीचा अर्ज घातला, तो अडकला. इतकीच गोष्ट. गाव पिंपळगाव बुद्रुक. आता महाराष्ट्रात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो कुठल्या ना कुठल्या पिंपळगावात पडेल, त्यामुळे बुद्रुक दोनदा, घोटून सांगितलं. पोरगा म्हणतो, "सर, बुद्रुक आपका सरनेम है?" मी म्हटलं, नाही रे बाबा, शेजारी खुर्द आहे, ते वेगळं, आमचं बुद्रुक. "ओके सर, तो खुर्द आपके पड़ोसी हैं." बरोबर आहे म्हणा एका अर्थी!

पुढे सातबारा. "सात बारह... मतलब सात दिसंबर? किस साल का, सर?" पुढे फेरफार. त्यावर एकदम गंभीर झाला बिचारा. हेरफेर हुआ है तर त्याची तक्रार दुसऱ्या नंबरवर करावी लागेल म्हणे. आजवर तलाठ्यानं इतका छळ केला, पण निदान फेरफार म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं.

मग माझी सटकली. मी राज्यघटनाच काढली. म्हटलं, कलम 350 वाचलंय का? कुठल्याही नागरिकाला आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क आहे! पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज. "सर, 350 रुपये का पेमेंट ऑनलाइन किया था या काउंटर पे?"

दारात उभी राहून आमची बायको ऐकत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो, पण तुम्ही सगळं भांडण हिंदीतच करताय."

खरंच की. पहिल्या 'नमस्कार सर'ला मी जी गाडी वळवली ती 'मेरेको मराठी में बात करनेका है' करत थेट घटनेपर्यंत हिंदीतूनच गेली होती. आणि हिंदी तरी कसली! त्या पोराला सातबारा कळला नाही याचा अर्धा दोष माझ्या हिंदीकडेही जात असेल. कलम 350 चा हक्क मी स्वतःच्या तोंडानं सोडला, वर ऐट काय, तर मराठीसाठी लढतोय.

तरीही माझं म्हणणं सोडत नाही. पोराचा दोष नाही. त्याला कुणीतरी एक कागद देऊन खुर्चीत बसवलंय, तो कागद वाचतोय. दोष टेंडर काढणाऱ्याचा. कंत्राट सरकारचं, पैसा आमचा, फोन करणारा इथला, अडलेली जमीन इथली, आणि उचलणारा मात्र कुठलाही चालतो? सगळ्यात कमी बोली ज्याची त्याच्या गळ्यात माळ, आणि माणसं कुठली हे विचारायचं कुणी? उद्योगांसाठी 80 टक्के स्थानिक हा नियम वर्षानुवर्षं ऐकतोय. उरलेले 20 टक्के नेमके माझ्याच फोनवर येतात.

आता कुणीतरी शहाणा हरियाणा काढेल. तिथला 75 टक्के स्थानिकांचा 2020 चा कायदा, 2023 च्या नोव्हेंबरात हायकोर्टानं रद्द केला वगैरे. अहो, ते खासगी नोकऱ्यांचं होतं! इथे सरकार स्वतः गिऱ्हाईक आहे. कामाला काय ज्ञान लागतं ते गिऱ्हाइकानं सांगायला कुणी अडवलंय? जन्म कुठेही घे राजा, फक्त बुद्रुक आणि खुर्द कळू दे.

आणि गंमत बघा. 2002 च्या सुमाराला अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये असाच आरडाओरडा झाला होता. तिथल्या गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दलचे फोन उचलले जात होते कुठे? मुंबईत! शर्ली टर्नर नावाच्या तिथल्या राज्याच्या सिनेटरबाई त्यावर विधेयक घेऊन उभ्या राहिल्या, जास्तीचे पैसे मोजून ते काम न्यू जर्सीतल्याच कॅम्डेनला परत नेलं, आणि 2005 मध्ये सरकारी कंत्राटाचं काम अमेरिकेतच करायचं असा कायदाही झाला. तेव्हा आम्ही किती हसलो होतो! माझा पुतण्या त्याच काळात कॉल सेंटरात रात्रपाळीला जायचा, रात्री नऊनंतर तो केव्हिन व्हायचा. ही अमेरिकेतली माणसं आमच्या पोरांच्या पोटावर पाय देतात म्हणून मी तावातावानं बोललोय. टर्नरबाई, चुकलो. तुमच्याकडेही कुणाचं तरी बुद्रुक अडकलं असणार.

पण त्या केव्हिनला आठवडेच्या आठवडे शिकवलं होतं हो. त्यांचे उच्चार, त्यांची राज्यं, त्यांचे सण, त्यांच्याकडे बर्फ कधी पडतो ते. परक्यांचा फोन उचलायला इतकी तयारी, आणि आमच्या फोनसाठी अर्धा दिवससुद्धा नाही?

आणि हो, अर्जाचा क्रमांक मशीनवर टाकून घेता आणि माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून विचारता, तो मधे कुठे सांडतो? आणि वीज गेल्यावर 'आमच्या संकेतस्थळाला भेट द्या' सांगणारी ती दुसरी बाई! तिचं नावच नको.

संध्याकाळी एसएमएस आला. 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. गाव: पिंपळगाव खुर्द.' खाली पाच चांदण्या, अभिप्राय द्या म्हणून.

उद्या परत फोन. बायकोनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवलंय: मराठीत भांडा.