सायलेन्सरवरचा कर गेला, नोंदणी तरी राहू द्या

अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून बंदुकीच्या सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा संघीय कर शून्यावर आला आहे. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्रास्त्र कायद्याने बसवलेला हा कर त्या काळी इतका जबर होता की सामान्य माणूस या वस्तूच्या वाटेला जातच नसे. पुढे आकडा तोच राहिला आणि महागाईने त्याची धार बोथट करून टाकली. त्यामुळे कर गेल्याचे मला फारसे दुःख नाही. माझा आक्षेप आहे तो याच कायद्याने सक्तीची केलेली सायलेन्सरची सरकारी नोंदणीच मोडीत काढण्याच्या खटपटीला.

मे २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात सायलेन्सर या कायद्यातून पूर्णपणे वगळले होते. अर्थसंकल्पी विधेयकात ही तरतूद बसत नाही, असा निर्वाळा सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी दिला, म्हणून ती गळाली आणि केवळ करमाफी उरली. आता शस्त्रसमर्थक संघटना न्यायालयात गेल्या आहेत. हा कायदा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कर लावण्याच्या अधिकारावर उभा आहे, तेव्हा करच उरला नसेल तर नोंदणीलाही आधार राहत नाही, असा त्यांचा दावा आहे.

शिकाऱ्यांच्या कानांचा मुद्दा खोटा नाही. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि सायलेन्सर त्यातले साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. नॉर्वे-फिनलंडमध्ये तो सर्रास वापरतात, हेही खरे. पण तिथे मुळात बंदूक मिळवण्यासाठीच कडक परवाना लागतो, हे सांगायचे मात्र सोयीस्करपणे राहून जाते.

व्हर्जिनिया बीचच्या महापालिकेच्या इमारतीत ३१ मे २०१९ रोजी एका कर्मचाऱ्याने सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने १२ जणांचे प्राण घेतले. तो आवाज खिळे ठोकण्याच्या यंत्रासारखा वाटला, असे वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितले. कार्यालयात बसलेल्या माणसाला पळायचे की दार लावून घ्यायचे, हे ठरवायला जे दोन-चार क्षण मिळतात, ते अशा गोंधळात हातचे जातात. हा सायलेन्सर कायदेशीररीत्या घेतलेला होता, त्यामुळे नोंदणीने सगळे टळते असे मी म्हणणार नाही. परंतु बोटांचे ठसे, छायाचित्र, पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रत्येक हस्तांतरणाची सरकारदरबारी नोंद, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात म्हणून बरेच जण दूर राहतात, असे मला ठामपणे वाटते. सायलेन्सर या कायद्याबाहेर गेला, तर दुकानदाराकडची तपासणी तेवढी उरेल. दोन व्यक्तींमधल्या खासगी विक्रीत अनेक राज्यांत कसलीच विचारपूस होणार नाही.

म्हणून काँग्रेसने ही नोंदणी कराच्या टेकूवर न ठेवता आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराखाली स्वतंत्रपणे आणावी, असे माझे मत आहे. येथे नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींनी मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला याबाबत त्याची भूमिका स्पष्टपणे विचारावी, ही विनंती.