पिक्चर सुटल्यावर

२०२५ मध्ये मी नागपुरात टॉकीजमध्ये जेवढे पिक्चर पाहिले, तेवढे कॉलेज संपल्यापासून कुठल्याच वर्षी पाहिले नव्हते. त्याच वर्षात आजी गेली, बाबा वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीतून, निवृत्त झाले आणि माझ्या लग्नाचा विषय घरात निदान सध्यापुरता तरी मिटला. या तिन्ही गोष्टींवर आमच्या घरात जे खरं बोलणं झालं, ते जवळपास सगळं पिक्चर सुटल्यावर झालं. पार्किंगमध्ये, गाडीत, मेट्रोत. घरी दिवाणखान्यात समोरासमोर बसून आम्हाला ते जमलं नसतं, याची मला खात्री आहे.

७ मार्चला 'स्थळ' आला. जयंत सोमलकरांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात शूट केला, काम करणारी माणसं बहुतेक तिथलीच. २०२३ मध्येच टोरांटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला होता, आपल्याकडे लागायला दीड वर्ष गेलं. आमचं मूळ गावही त्याच जिल्ह्यातलं, वरोऱ्याकडचं. आजवर पडद्यावर आमची बोली ऐकली ती नोकराच्या नाहीतर हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी. इथं पहिल्यांदा बाप काळजीनं बोलतो तेही त्याच बोलीत, आणि मुलगी चिडते तीही त्याच बोलीत. बाबा सुरुवातीला खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: सविता शिकतेय, स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, आणि तिला पाहायला पाहुणे येत राहतात. दर वेळी तीच बैठक, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. दिग्दर्शक तो प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतो, जवळपास तसाच, आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा जड होत जातो. मी त्या खुर्चीवर बसलेली आहे. मला तो पिक्चर वाटलाच नाही.

परत येताना बाबा शंकरनगरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुले बी असंच वाटत असंन काय वो, ते लोकं उंची विचारतात तवा?" मी म्हटलं, हो बाबा. आई मागून म्हणाली, "अन् त्या पोरीच्या मायले कोणी विचारलं काय, तिले काय वाटते?" एवढंच. पण पुढच्या वेळी मध्यस्थांचा फोन आला तेव्हा बाबांनी सांगितलं, पोरीले सध्या नाही करायचं, तिनं सांगितलं की मी फोन करीन. हे वाक्य मी किती वर्षं मनातल्या मनात रचून पाहत होते. ते त्यांच्या तोंडून आलं, माझ्या समोर.

१७ मार्चला नागपूरच्या महाल भागात दंगल झाली, नंतर संचारबंदी लागली. मावशी महालात राहते, तिची मुलगी परीक्षेला कशी जाईल या काळजीत आम्ही दिवसभर फोनवर होतो. तेव्हा टॉकीजमध्ये 'छावा' चालू होता आणि बाहेर औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापलेलं. पिक्चरमुळेच हे झालं म्हणणारे आणि पिक्चरचा काही संबंधच नाही म्हणणारे, दोघंही मला तेव्हा पटले नाहीत. 'छावा' पाहताना मीही रडले. संभाजीराजांचे हाल पाहून ज्याला रडू येत नाही तो माणूस कसला! पण अंधारात भरून आलेलं मन घेऊन आपण बाहेर येतो, तेव्हा आपल्याशी पहिल्यांदा कोण बोलतं यावर फार काही ठरतं. माझ्याशी बाबा बोलले, शंभूराजांच्या संस्कृत ग्रंथाबद्दल. कुणाशी मोबाइलवर आलेला एखादा मेसेज बोलला असेल. म्हणून मला वाटतं, पिक्चर आपल्या माणसांसोबत पाहावा आणि पाहून झाल्यावर लगेच पांगू नये.

मे महिन्यात, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत, आजी गेली. शेवटचं वर्षभर तिला काचबिंदूमुळं जवळजवळ दिसत नव्हतं. भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघरात यायची, आणि आईच्या पावलांच्या आवाजावरून आईचा मूड ओळखायची. सासू-सुनेचं फार गोड होतं असं नाही. पण आंघोळ घालण्यापासून औषधापर्यंत सगळं आईनं केलं. आजी गेल्यावर आई रडली नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, कूलरचा पंप बिघडला तो दुरुस्त करून आणला, लोणचं घातलं. कुणी विषय काढला की म्हणायची, "सुटल्या बिचाऱ्या."

सप्टेंबरमध्ये मी तिला 'दशावतार'ला नेलं. कोकणातली गोष्ट, आपला काही संबंध नाही, असं तीच म्हणत होती. त्यात दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री म्हातारपणी दृष्टी जात असतानाही रंगमंच सोडायला तयार नाही. प्रभावळकर स्वतः ८१ वर्षांचे, आणि ते ज्या पद्धतीनं हातानं अंदाज घेत वस्तू शोधतात, ते पाहून आईनं माझा हात धरला. मग रडली. आवाज दाबून नाही, मोकळी. आजूबाजूला सगळा अंधार, शेजारच्या बाईनं न बोलता रुमाल पुढं केला. इंटरव्हलपर्यंत आईचा हात माझ्या हातात होता.

हे घरी टीव्हीवर झालं नसतं. घरी आई मध्येच कुकर बंद करायला उठली असती, दूधवाला आला असता, बाबांनी आवाज कमी कर म्हटलं असतं. टॉकीजमध्ये बाईला तीन तास कुणी उठवत नाही. माझ्या आईच्या वयाच्या किती बायकांना घरात असे तीन तास मिळतात? मोबाइलवर सगळं येतंच की, असं जे म्हणतात, त्यांनी या बायकांचा विचार करावा. पार्किंगमध्ये स्कूटीजवळ उभं राहून आईनं सासूबद्दल मला जे सांगितलं, ते इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे.

त्याच महिन्याच्या शेवटी मैत्रिणीसोबत नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' पाहिला. ती इंदोऱ्याची, नागपुरातल्या आंबेडकरी वस्तीतली. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता, दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते भरत चालले होते आणि तिच्या घरी भोजनदानाची तयारी चालली होती. पिक्चरमधला चंदन पोलिस भरतीच्या नादात आपली जात लपवत राहतो. ती बाहेर आल्यावर म्हणाली, "माझं आडनाव ऐकल्यावर लोकांचा चेहरा अर्धा सेकंद थांबतो, तो मी मोजते." इतक्या वर्षांची मैत्री, आणि हे मी पहिल्यांदा ऐकलं. पिक्चर पुढं लॉकडाउनमधल्या घरी परतण्याच्या वाटेवर येतो, आणि तेव्हा हैदराबादकडून वर्धा रोडनं चालत येणारी माणसं आपण नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. हा पिक्चर तर इथं महिनाभर चालायला हवा होता.

बाबा जुलैअखेर निवृत्त झाले. समारंभ, शाल, श्रीफळ, सगळं झालं आणि ते गप्प झाले. नोव्हेंबरमध्ये धर्मेंद्र गेले, १२ डिसेंबरला 'शोले' पुन्हा लागला, मूळ शेवटासह, ज्यात ठाकूर गब्बरला ठार मारतो. १९७५ मध्ये आणीबाणीत सेन्सॉरनं तो बदलायला लावला होता. तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते. सीताबर्डीवर पाहून आम्ही तिघं मेट्रोनं सुभाषनगरला परत निघालो, तेव्हा वीरूवरून सुरू झालेलं बोलणं भलतीकडेच गेलं. बाबा म्हणाले, अजूनही पहाटे साडेपाचला जाग येते, अन् मग उठून करू काय हे समजत नाही. आईला हे माहीत नव्हतं. आता दोघं पहाटे अंबाझरीला फिरायला जातात.

एक तक्रार मात्र मनापासून करायची आहे. 'स्थळ'चा आमच्या सोयीचा शो एका मल्टिप्लेक्सनं दुसऱ्याच आठवड्यात काढून सकाळी अकराला टाकला. नोकरी करणाऱ्यानं तो कधी पाहायचा? मग गुरुवारी म्हणणार, प्रेक्षकच नाही! आणि २२ सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, चांगलंच झालं, पण शंभराच्या वर अजून १८ टक्केच आहे. तिघांच्या घरानं महिन्यातून दोनदा जायचं ठरवलं तरी तो आकडा जाणवतो. विदर्भातल्या गोष्टीला विदर्भातल्या सगळ्यात मोठ्या शहरात संध्याकाळचा एक शो मिळावा, ही फार मोठी मागणी नाही.

नव्या वर्षात आपल्याकडचा कुठलाही पिक्चर येत असेल तर कमेंटमध्ये तारीख टाका. पहिल्या शनिवार-रविवारीच जाऊ, पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. आई-बाबा येणारच आहेत.