येणाऱ्या इंटर्नसाठी हँडओव्हर नोट

शुक्रवारी माझी इंटर्नशिप संपली. हेल्थकेअर एआय कन्सल्टिंग. तीनही शब्द वजनदार, त्यामुळे घरी सांगताना दर वेळी एकेक गळत जातो आणि शेवटी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' एवढंच उरतं. शेवटच्या कॉलवर एचआर मॅडम म्हणाल्या, "सोमवारी नवीन बॅच जॉइन होतेय. त्यांच्यासाठी एक हँडओव्हर नोट लिहून देशील? छान, मोटिव्हेट करणारी." कॉल सहा मिनिटं चालला. त्यातली दोन मिनिटं मॅडम म्यूटवर बोलत होत्या. संध्याकाळी मेलवर सर्टिफिकेट आलं. मी चार महिने 'मार्केटिंग इंटर्न' होते हे मला त्यावरून कळलं.

तर ही घ्या नोट. मोटिव्हेट करणारीच आहे.

सुरुवात मुलाखतीपासून करू. तिथे आपण काही वाचलंय हे चुकूनही दाखवू नका. "हेल्थकेअर एआयच का?" या प्रश्नाला जगभर एकच उत्तर चालतं: "मला इम्पॅक्ट करायचाय." मी तिथे शहाणपणा केला. २०२१ साली आलेला सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या आजाराचा, अभ्यास काढून बसले. सेप्सिसचा धोका आधीच सांगणारं, अमेरिकेत कितीतरी हॉस्पिटलांमध्ये बसवलेलं एक मॉडेल मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी आपल्याच रुग्णांवर ताडून पाहिलं. सेप्सिस झालेले दोन तृतीयांश रुग्ण त्याच्या हातून निसटले होते, आणि दाखल झालेल्या एकूण रुग्णांपैकी १८ टक्क्यांच्या नावाने मात्र धोक्याची घंटा वाजली होती. समोरच्या सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पॉवरपॉइंट येतं ना?" येतं म्हटलं. निवड झाली.

स्टायपेंडचं विचारू नका. लर्निंग मिळतं. ते खात्यात जमा झाल्याचा मेसेज येत नाही, इतकंच.

एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, वाचत बसू नका. वाचला तरी सही करायचीच आहे.

ऑनबोर्डिंगला पहिला अख्खा दिवस रुग्णांच्या गोपनीयतेवर असतो. अमेरिकेच्या हिपा कायद्यात ओळख पटवणाऱ्या १८ गोष्टी सांगितल्यात, त्या पाठ करून घेतात. आमचा क्लायंट अमेरिकेतला नव्हता, पण डेक, म्हणजे स्लाइडचा संच, तयार होता. शेवटी क्विझ. मला पैकीच्या पैकी. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णांची फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडली. नावं काढलेली होती, हे कबूल करायला हवं. जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग तेवढं ठेवलेलं होतं. नेमक्या याच तीन गोष्टींवरून १९९०च्या दशकात लॅटानिया स्वीनी यांनी 'निनावी' डेटातून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची वैद्यकीय माहिती शोधून दाखवली होती, आणि तेव्हा त्या विद्यार्थिनीच होत्या. मी हे ग्रुपवर लिहिलं. तीन जणांनी अंगठा दाखवला. फाइल अजून तिथेच आहे. स्क्रोल करून वर गेलात की सापडेल.

तुमच्या पदाचं नाव 'एआय रिसर्च इंटर्न' असेल. त्यातला एआय क्लायंटसाठी, रिसर्च लिंक्डइनसाठी आणि इंटर्न तुमच्यासाठी. काम एक्सेलचं. डिस्चार्ज नोट वाचायची आणि शेजारच्या रकान्यात आजार लिहायचा. डॉक्टर लिहितात 'एमएस'. हे मायट्रल स्टेनोसिस असू शकतं, म्हणजे हृदयाची झडप. मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतं, म्हणजे मज्जासंस्था. नाहीतर मॉर्फिन सल्फेट, म्हणजे आजार नव्हेच, औषध. शाळा सुटल्यापासून मी जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. रात्री साडेअकराला अशा दोनशे नोट्स संपवायच्या असतात, तेव्हा माणूस आधी नीट वाचतो, मग नुसता वाचतो, मग गेल्या ओळीत जे लिहिलं तेच पुढे ओढतो. पुढच्या आठवड्यात क्लायंटच्या स्लाइडवर वाक्य होतं: 'तज्ज्ञांनी लेबल केलेला डेटा.' त्या स्लाइडकडे मी बराच वेळ बघत होते. तज्ज्ञ कोण ते शोधत होते.

स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, कॅमेरा चालू ठेवा. मेंटॉरचा बंद असतो.

स्लाइडवर निळा रंग वापरा, आणि अर्ध्या भागात सर्किट असलेला मेंदू हवाच. प्रोजेक्ट मूत्रपिंडाचा असला तरी.

ॲक्युरसी, म्हणजे अचूकता, हा शब्द घोकून ठेवा. आमच्या मॉडेलने सांगायचं होतं की घरी सोडलेला कोणता रुग्ण परत दाखल होईल. घरी सोडलेल्या शंभर रुग्णांपैकी दहा जण महिन्याभरात परत दाखल होतात असं समजू. आता 'कोणीच परत येणार नाही' एवढंच म्हणणारं मॉडेल लिहिलं, तर ते नव्वद टक्के अचूक, आणि ज्यांच्यासाठी केलं त्या दहांपैकी एकही त्याला सापडत नाही. मी गंमत म्हणून हे पायथनच्या एका ओळीत करून दाखवलं. मेंटॉरनी विचारलं, "हे डेमोला दाखवता येईल का?"

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. हा मनापासून देतेय. प्रश्न विचारू नका. डेटा उघडून तर अजिबात बघू नका. मॉडेलला भरवायचा, ग्राफ काढायचा, स्लाइडवर चिकटवायचा. मी उघडला. कॉलम के, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारा रक्तातला आकडा. वरच्या ओळी सरळ होत्या: ०.९, १.१, १.४. लॅब कोड १. खाली स्क्रोल करत गेले, लॅब कोड २ सुरू झाला आणि आकडे आले ८४, ९७, १२१. मला वैद्यकातलं काही कळत नाही हे वर सांगितलंच आहे, पण इतकं कोणालाही दिसतं की एका इमारतीतल्या लोकांचं रक्त दुसऱ्या इमारतीतल्यांपेक्षा शंभरपट खराब असू शकत नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबला फोन लावला. तिथल्या टेक्निशियनने दोन मिनिटांत सांगितलं, "हो मग, आमचं मशीन मायक्रोमोलमध्ये देतं. त्यांचं मिलिग्रॅममध्ये. रिपोर्टवर लिहिलेलं असतं की." एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. एक भागाकार. संपलं.

संपलं कसलं! लॅब कोड २ म्हणजे त्यांची मुख्य इमारत. गंभीर रुग्ण तिथेच जातात, त्यामुळे परत दाखल होणारेही तिथलेच जास्त. आमच्या हुशार मॉडेलने नव्वदीतला आकडा दिसला की 'हा परत येणार' म्हणायचं, एवढं शिकून घेतलं होतं. मूत्रपिंड त्याने पाहिलंच नव्हतं, इमारत पाहिली होती. आणि त्याच जोरावर आमचा स्कोअर झकास होता. मी भागाकार केला, मॉडेल पुन्हा चालवलं, स्कोअर धपकन खाली. मला वाटलं शाबासकी मिळेल. वय लहान असतं.

कॉलवर तीन प्रश्न आले, याच क्रमाने. क्लायंटच्या माणसाला परवानगीशिवाय फोन का केलास? स्कोअर चांगला असताना डेटाला हात का लावलास? डेमो गुरुवारी आहे हे माहीत नव्हतं का? युनिटबद्दल एकही प्रश्न नाही. शेवटी मेंटॉर समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, फाइल परत होती तशी कर, आणि स्लाइड १४ वर 'डेटा हार्मोनायझेशन' असा एक पॉइंट टाक." पॉइंट मी टाकला. हार्मोनायझेशनच्या, म्हणजे सगळा डेटा एका मापात आणल्याच्या, शेजारी हस्तांदोलनाचं चित्रही टाकलं.

आणि हे काय आकाशातून पडलेलं ज्ञान आहे? २०१८ साली छापून आलंय: न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल छातीचा एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा आहे हे जवळपास अचूक ओळखत होतं, आणि त्याचा फायदा निदानाला घेत होतं. २०१९ साली 'सायन्स'मध्ये छापून आलंय: अमेरिकेतल्या एका अल्गोरिदमने आजाराऐवजी उपचारांचा खर्च मोजला, आणि ज्यांच्यावर मुळातच कमी खर्च होतो ते कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी असूनही मागे राहिले. २०२१ साली छापून आलंय: कोविडच्या एक्स-रे आणि स्कॅनवरच्या मॉडेलांचे ६२ अभ्यास नीट तपासले, तर दवाखान्यात वापरण्याजोगं एकही निघालं नाही. हे सगळं मी, एका विद्यार्थिनीने, फुकटात वाचलंय. ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'हेल्थकेअर एआय लीडर' छापलंय त्यांना वाचायला काय होतं?

असो. नोट मोटिव्हेट करणारी हवी आहे.

करिअरचं बघू. पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच नोकरी, मिळेल का? नक्की मिळेल, फक्त बजेट फ्रीज झालंय. डेकच्या शेवटी एक वाक्य आहे, रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, संपणार वगैरे. २०१६ साली एआयमधले मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत मशीन त्यांच्या पुढे जाईल, फार तर दहा लागतील. पाच केव्हाच उलटली, हिंटन यांना २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, रेडिओलॉजिस्ट अजून कामावर आहेत. वाक्य काढू नका, क्लायंटला आवडतं.

मेंटॉर, ही नोट तुम्हालाही कॉपीत आहे, तेव्हा आता सरळच बोलते. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचं क्रिएटिनिन ४ येतं. लॅब कोड १ मधला असा माणूस तुमच्या मॉडेलला ठणठणीत वाटणार, कारण त्याच्या लेखी मोठा आकडा म्हणजे नव्वद. त्याला 'कमी धोका' असा हिरवा ठिपका मिळणार आणि घरी फोन करून विचारपूस करायच्या यादीतून त्याचं नाव गळणार. हे मी तुम्हाला कॉलवर सांगितलं, मेलवर सांगितलं, मेलला स्क्रीनशॉट जोडला. तुम्ही 'नोटेड' लिहिलंत. डेटा बघणारं अख्ख्या प्रोजेक्टवर एकच माणूस होतं, ते बिनपगारी होतं, आणि त्याने बघितलं म्हणून तुम्ही त्याला झापलंत. लाज वाटायला हवी होती. विद्यार्थ्यांना शिकवायचं नसेल तर घेऊ नका, इंटर्न म्हणजे स्वस्तातला तज्ज्ञ नव्हे. एक डॉक्टर बसवा लेबलं तपासायला, एक. आणि मी काय काम केलं ते निदान सर्टिफिकेटवर तरी नीट लिहा.

नवीन इंटर्न जो कोणी असशील, तुझ्यासाठी खरी हँडओव्हर नोट एवढीच. फोल्डर 'फायनल_फायनल_४', तिसरा टॅब, कॉलम के. लॅब कोड २ च्या सगळ्या ओळी ८८.४ ने भागायच्या. मी भागल्या होत्या. सांगितल्याप्रमाणे परत जुन्या करून ठेवल्यात.