बापावर कुणी लिहिलेच नाही?

गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की साहित्यिकांनी आईचे गोडवे गायले आणि बापाला विसरले. बाप आला तिथे तो कठोर किंवा दुष्ट म्हणूनच आला. मुलांचे मन आई घडवते, बाप केवळ पैसा आणि शिस्त पुरवतो. आणि मुलीच्या गोष्टीत तर तो तिचे लग्न लावून देण्यापुरताच उरतो. शेवटी आवाहन असते, की आता तरी बापाची थोरवी गाणारे लिहा. या मजकुरामागची कळकळ मी नाकारत नाही, कारण तो पुढे पाठवणाऱ्याच्या मनात बहुधा स्वतःचे वडील असतात. पण त्यातले एकेक विधान तपासू लागले की ते हातात टिकत नाही, आणि शेवटचे आवाहन तर मला सर्वांत चुकीचे वाटते.

‘कुणी लिहिलेच नाही’ हे पहिले विधान. आईवरच्या भावकविता संख्येने जास्त आहेत, एवढे मान्य करायला हरकत नाही. इंद्रजित भालेराव यांच्या शेतकरी बापावरच्या कवितेसारख्या कविता त्या मानाने थोड्या. मात्र कथा जिथे सुरू होते तिथे पाहिले, तर बापाच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. दशरथाने दिलेला शब्द चौदा वर्षांचा वनवास होऊन मुलाच्या वाट्याला येतो. शंतनूच्या मनातली इच्छा ओळखून देवव्रत आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो आणि कुरुकुळाच्या वारसाचा सगळा पेच तिथून सुरू होतो. ययाती स्वतःचे म्हातारपण मुलाला देऊन त्याचे तारुण्य मागून घेतो. या एका मागणीने वि. स. खांडेकरांना १९५९ साली कादंबरी लिहायला लावली आणि गिरीश कार्नाडांना १९६१ साली नाटक.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा कठोपनिषदातला बाप अधिक जवळचा वाटतो, कारण तो अगदी घरातल्यासारखा रागावतो. तो यज्ञात सर्वस्व दान करायला निघाला आहे, पण दानात देतो आहे त्या गाई शेवटचे पाणी प्यालेल्या, शेवटचे गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या आहेत. लहानगा नचिकेता हे पाहतो, त्याला वडिलांची काळजी वाटते आणि तो विचारतो, की मला कुणाला देणार? उत्तर येत नाही. तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा वैतागलेला बाप म्हणून जातो, की तुला मृत्यूला दिले. मुलगा तो शब्द खरा धरून यमाच्या दारात जातो आणि तीन रात्री उपाशी थांबतो. यम तीन वर देऊ करतो, तेव्हा हा मुलगा पहिला वर कोणता मागतो, ते पाहावे: वडिलांचा राग शांत व्हावा, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून माझ्याशी आनंदाने बोलावे. मृत्यूनंतर काय, हा प्रश्न तिसऱ्या वरासाठी राहतो. बापाच्या तोंडून निसटलेल्या एका वाक्याचे मुलाच्या मनात काय होते, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे लेखन मला आठवत नाही.

पुरावा म्हणून हमखास ‘श्यामची आई’चे नाव पुढे केले जाते. पुस्तक आईचेच आहे, यात वाद नाही. पण सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात येऊन बसतो तो वडिलांच्या कर्जापायी, आणि आईला सोसावे लागणारे अपमानही त्या कर्जातूनच येतात. श्याम जे पाहत मोठा होतो, त्यात वडिलांची ही पडझड पानोपानी आहे.

दुसरे विधान असे, की बाप नेहमी दुष्टच रंगवला जातो. इथे जर्मन भाषेत लिहिणाऱ्या फ्रान्झ काफ्का या लेखकाचे उदाहरण देतात, म्हणून त्याच्याकडेच जाऊ. वडील हर्मन यांना त्याने नोव्हेंबर १९१९ मध्ये एक प्रदीर्घ पत्र लिहिले, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. ते वडिलांपर्यंत कधी पोहोचले नाही. त्यात एका रात्रीची आठवण आहे. लहान असताना तो पाणी मागत रडत होता, आणि ते तहानेपोटी नव्हते, थोडे त्रास द्यायला आणि थोडे स्वतःची करमणूक म्हणून होते, हेही तो कबूल करतो. दटावूनही तो गप्प होईना, तेव्हा वडिलांनी त्याला बिछान्यातून उचलून सज्जात नेले आणि बंद दाराबाहेर नुसत्या झोपायच्या सदऱ्यावर काही वेळ उभे केले. आपण या माणसाच्या लेखी कुणीच नाही, ही जाणीव पुढे कित्येक वर्षे त्याला छळत राहिली. एवढ्यावर थांबणाऱ्याला बाप दुष्ट दिसेल. परंतु त्याच पत्रात काफ्का वडिलांना दोषी ठरवायचे पुन्हा पुन्हा नाकारतो, आणि शेवटाकडे तर वडील या पत्राला काय उत्तर देतील ते स्वतःच लिहून काढतो. ते उत्तर मुलावर तुटून पडणारे आहे. बापाला दुष्ट ठरवायला बसलेला मुलगा त्याची बाजू इतक्या ताकदीने कशाला मांडेल?

आणि रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या ‘फादर्स अँड सन्स’ (१८६२) या कादंबरीतला म्हातारा लष्करी डॉक्टर दुष्ट आहे काय? तीन वर्षांनी घरी आलेला त्याचा मुलगा बझारोव तीन दिवसांत निघून जातो. मुलाला भावनांचे प्रदर्शन खपत नाही, म्हणून हा बाप आपला आनंद आवरत राहतो. पुढे एका शवविच्छेदनात बोट कापलेला मुलगा वडिलांकडे जखम जाळायचे औषध मागतो. जखम कशी झाली हे कळताच म्हाताऱ्याचा चेहरा उतरतो, धावत जाऊन तो औषध आणतो आणि मला स्वतःला लावू दे म्हणून विनवतो. जखमेला चार तास उलटले आहेत, हे त्याला त्यानंतर कळते. दोघेही डॉक्टर आहेत आणि संसर्ग रोखायला उशीर झाला आहे हे दोघांनाही ठाऊक आहे.

तिसरे विधान पैसा आणि शिस्तीचे. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीत आई वारलेली आहे आणि दोन मुले बापापाशी वाढतात. हा वकील बाप, ॲटिकस, एका रात्री तुरुंगाच्या दाराशी खुर्ची टाकून, दिव्याखाली वर्तमानपत्र वाचत बसतो, कारण आत त्याचा निरपराध अशील आहे आणि जमाव येणार आहे. मुले हे डोळ्यांनी पाहतात. त्यांच्या मनावर काय कोरले गेले, त्याला ‘शिस्त’ हे नाव पुरणार नाही. बाप नसण्याचाही ठसा उमटतो: ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याच्या चोवीस सर्गांपैकी पहिले चार बेपत्ता बापाच्या मुलाभोवती फिरतात, आणि शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात वडिलांचे नाव काय लावायचे हा प्रश्न लेखकाच्या सगळ्या जगण्याला व्यापून राहतो.

मुलीचा बाप लग्नापुरता, हे विधान करणाऱ्याने विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) जरूर वाचावे. नाथ देवळालीकर हा समाजवादी बाप मुलीने दलित कवीशी लग्न करण्यात आपल्या विचारांची कसोटी पाहतो आणि तिच्या पाठीशी उभा राहतो. नवरा ज्योतीला मारहाण करू लागतो. तरीही नाथ त्याच्या आत्मकथनाचा जाहीर सभेत गौरव करतो. ज्योती घरी येऊन वडिलांना त्या खोट्या भाषणाचा जाब विचारते. तुम्ही शिकवले ते माझ्यात इतके भिनले आहे, की आता मला माघारी फिरता येत नाही, असा तिचा आरोप आहे, आणि ती त्याच नवऱ्याकडे परत जाते. या नाटकातल्या दलित पात्राच्या चित्रणावर तीव्र आक्षेप घेतले गेले. तो वाद गंभीर आहे आणि त्याची जागा वेगळी आहे. पण चांगल्या बापाची चांगली शिकवण मुलीच्या गळ्याशी कशी येते, हे मराठीत याहून निर्भयपणे क्वचितच मांडले गेले असेल.

म्हणून थोरवी गाण्याचे आवाहन मला पटत नाही. वरची सर्व लेखने टिकली, कारण त्यांतला बाप चुकतो, घाबरतो, उशिरा पोहोचतो, आणि तरी मुलाच्या आयुष्यात रुतून बसतो. नरेंद्र जाधव यांनी ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) लिहिले, त्याआधी निवृत्त झालेल्या, जेमतेम शिकलेल्या वडिलांना स्वतःचे आयुष्य लिहून काढायला लावले. त्या वह्यांतली भाषा त्या बापाची आहे, त्याच्या हट्टासकट आणि संतापासकट. वडिलांबद्दल ज्यांना कळकळ आहे, त्यांनी असे एखादे पुस्तक हाती घ्यावे, आणि वडील हयात असतील तर त्यांच्यापुढे एक कोरी वही ठेवावी.