बारा शब्दांचा फोटो काढू नका, पावसाचं निमित्त सांगून तर नाहीच

आमच्या मालवणात गावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'कोकणच्या पावसात कागद टिकत नाही, म्हणून क्रिप्टो वॉलेटच्या बारा शब्दांचा फोटो काढून गुगलवर ठेवा. हरवले तर कस्टमर केअर परत देतं. लॉगिनसाठी गुगलवर वॉलेटचं नाव टाका, पहिली लिंक उघडा. कुलूप दिसलं, ओटीपी आला की बिनधास्त.' क्रिप्टो वॉलेट म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल चलन सांभाळायचं ॲप, आणि बारा शब्द म्हणजे ते काढताना मिळणारी त्याची मूळ किल्ली, जिच्यावरून ते कुठल्याही फोनवर पुन्हा उघडता येतं. बोटीवर असलेल्या मुलांच्या घरचे हा मेसेज काळजीपोटीच पुढे पाठवतात. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी फोटोचं. दुकानात फोन देताना लोक पॅटर्नसुद्धा सांगून जातात. स्क्रीन बदलल्यावर कॅमेरा तपासायला गॅलरी उघडावीच लागते, आणि त्यात आधार, पासबुक, एटीएमचा पिन, सगळं दिसतं. बारा शब्दही दोनदा दिसलेत. मी नजर फिरवली, पण प्रत्येक जण फिरवेलच असं नाही. माणूस सोडा, ॲपही वाचतात. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'स्पार्ककॅट' नावाचा घातक प्रोग्रॅम उघडकीला आणला. तो गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून नेमके हे शब्द शोधत होता, आणि तो असलेली ॲप गुगल प्ले आणि ॲपल ॲप स्टोअर या दोन्हीकडे सापडली. शब्द म्हणजे पासवर्ड नव्हे. ज्याच्याकडे शब्द, त्याच्याकडे पैसे. तुमचा फोन त्याला लागतसुद्धा नाही.

"पण कागद पावसात रवतलो काय?" असं परवाच एका काकांनी विचारलं. प्रश्न खरा आहे. श्रावणापर्यंत कपाटातल्या कागदांना बुरशी धरते, वाळवी आहेच, आणि ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीकडे घरांची छपरंच उडाली. पण उपाय फोटो नाही, स्टील आहे. आपण भांड्यांवर नावं घालतो ना, तसंच. स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि अक्षरांचे ठोकायचे पंच आणा आणि स्वतः ठोका, दुकानदाराकडून घालून घेऊ नका. बहुतेक वॉलेट ज्या ठरलेल्या २०४८ इंग्रजी शब्दांतून हे बारा निवडतात, त्यात पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. म्हणजे फार तर ४८ अक्षरं. शब्दांचा क्रम मात्र चुकवू नका. एक पट्टी गावच्या घरी, दुसरी मुंबईला सख्ख्या माणसाकडे. लोखंड नको, खाऱ्या वाऱ्यात गंजतं.

कस्टमर केअरचं म्हणाल तर ते शब्द कुणीच परत देऊ शकत नाही, कारण स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटचे शब्द कंपनीकडे नसतातच. जो फोन करून ते मागतो, तो चोर. इथे दुसरी शक्यता नाही.

पहिली लिंक बऱ्याचदा जाहिरात असते, आणि चोरही पैसे भरून जाहिरात देतात. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये चाललेलं बोलणं मधल्यामध्ये कुणी वाचत नाही. साइट कुणाची, हे कुलूप सांगत नाही. खरा पत्ता एकदा नीट तपासून बुकमार्क करा आणि रोज तिथूनच जा.

ओटीपी तर अशा वॉलेटला नसतोच. तिथला पासवर्ड फक्त तुमच्या फोनवरचं ॲप उघडतो. ओटीपी असतो एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, खात्याला, आणि खोट्या पानावर टाकलेला ओटीपी चोर त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरतो. पासकी (पासवर्डऐवजी फोनचं बोट किंवा चेहरा वापरून होणारं लॉगिन) असेल तर ती घ्या, खोट्या पत्त्यावर ती चालतच नाही. तरीही एक्स्चेंजवरच्या पैशांच्या चाव्या एक्स्चेंजकडेच असतात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांचा ओटीपी चोरांच्या आड आला नाही.

फोटो आधीच काढला असेल तर नुसता पुसून भागणार नाही. बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजच्या कचऱ्यात ६० दिवस राहतो, आणि तोवर कुणी पाहिलाय का हे कळायला मार्ग नाही. नवं वॉलेट काढा, नवे शब्द पट्टीवर ठोका, आधी थोडी रक्कम पाठवून पाहा, मग सगळी हलवा. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.